सोयऱ्यांची कळ

ऐरावतेश्वराच्या देवळात शिरण्याआधी बलिपीठाजवळ थांबा. त्याच्या छोट्या दगडी पायऱ्या वाजवल्या की प्रत्येकीतून वेगळा स्वर निघतो, असं दारासुरममधला कोणताही वाटाड्या सांगेल. हल्ली त्यांना लोखंडी जाळी घातली आहे, त्यामुळे तो स्वर तुमच्या नशिबी नाही, माझ्याही नव्हता. पण आपल्याला आज स्वर नकोत, जिना हवाय. जाळीतून एक बोट आत घाला, खालच्या पायरीला टेकवा आणि डोळे मिटा. कालयंत्राच्या वर्णनावर मी याहून जास्त शाई घालवणार नाही.

डोळे उघडा. ऑक्टोबर 1999.

पाऊस नुकताच उघडलाय. आपल्याकडे पाऊस पाठ फिरवतो तेव्हा इथे तो तोंड दाखवतो. तमिळ पंचांगातला हा ऐप्पसी महिना म्हणजे ईशान्येच्या मोसमी पावसाचा. देऊळ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खोलगट जागेत असल्याने फरसबंदीवर घोटाभर पाणी साचलंय आणि रथाच्या आकाराच्या मंडपाची दगडी चाकं त्यात उलटी दिसताहेत. जागतिक वारशाचा फलक शोधू नका, तो दर्जा मिळायला 2004 उजाडायचं आहे. फोन काढायला खिशात हात घालाल, तर तिथे फक्त सुटे पैसे. रस्त्यापलीकडे पिवळी एसटीडी-आयएसडी-पीसीओची पाटी आहे. त्या सुट्या पैशांचा उपयोग तिथे. पानाच्या टपरीवर टांगलेल्या तमिळ वर्तमानपत्रात दिल्लीतल्या नव्या वाजपेयी सरकारचे फोटो आहेत. तमिळ येत नसलं तरी आकडे कळतातच: वाय-टू-के. 31 डिसेंबरच्या रात्री जगातले संगणक काय करतील याची चिंता दारासुरमपर्यंत पोचली आहे.

गल्लीतून मागांचा आवाज येतोय. इथली कितीतरी घरं सौराष्ट्री विणकरांची. घरात सौराष्ट्री, बाजारात तमिळ, आणि मागावर कुंभकोणम पद्धतीची रेशमी साडी. मागावर जॅकार्डचे भोकं पाडलेले पुठ्ठे लटकताना दिसले की संगणकावर लिहिणारा माणूस हटकून एक तुलना करतो. ती मी गाळतोय. तुम्ही ती निदान दहा ठिकाणी वाचली असेल.

तुमच्या खांद्याला झोळी आहे. तिच्यात कागदी पाकीट, पाकिटात एक सीडी आणि हाताने काढलेल्या कळफलकाचा एक घडी केलेला कागद. सीडी आहे विंडोज 2000 ची, पण बाजारात येणारी नव्हे. ती 17 फेब्रुवारी 2000 ला येईल. ही त्याआधीची चाचणीची प्रत: रिलीज कँडिडेट 2, बिल्ड क्रमांक 2128, गेल्या महिन्यात चाचणी करणाऱ्यांकडे गेलेली. ‘बिल्ड’ला मराठीत काय म्हणावं यावर तुम्ही वाटेत विचार केलात. घडण? बांधणी? देवळात उभं असताना ‘बांधणी’ बरा वाटतो, पण पुण्यामुंबईतले संगणकवाले बिल्डच म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू.

आणखी एक काम उरकून मग दुकानात जाऊ. देवळाच्या भिंतीवर खालच्या अंगाला त्रेसष्ट नायन्मारांच्या, म्हणजे शैव संतांच्या गोष्टी छोट्या छोट्या शिल्पपट्ट्यांत कोरल्या आहेत. बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाच्या वेळी हे देऊळ झालं, तेव्हाच्या. पट्टीपाशी तमिळ अक्षरांत नाव आणि प्रसंग. गुडघे टेकून एका नावावरून बोट फिरवा. टाकी एकदा चालली की संपलं. कोरक्याने शिष्याकडून आधी खडूने लिहवून घेतलं असेल, जाणत्या पंडिताला दाखवलं असेल, त्याने ‘हे अक्षर दुरुस्त कर’ म्हटलंही असेल. तो खडूचा टप्पा आज दिसत नाही, पण होता, हे मी पैजेवर सांगतो. तुमच्या झोळीतली सीडी ही त्याच टप्प्यातली वस्तू आहे.

या आवारात आपल्या सीमाभागातलाही एक पाहुणा कित्येक शतकं होता. पहिल्या राजाधिराज चोळाने अकराव्या शतकात चालुक्यांचं कल्याणी, म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, जाळलं आणि तिथला एक दगडी द्वारपाल उचलून आणला. कुठून आणला हे त्याच्या पायथ्याशी तमिळमध्ये कोरून ठेवलं. तो द्वारपाल दारासुरमला मिळाला आणि आता तंजावरच्या संग्रहालयात उभा आहे. कानडी-मराठी मुलखातला दगड, त्यावर तमिळ पाटी. पुढे जे होणार आहे त्याची ही रंगीत तालीम समजा.

दुकान कुंभकोणमच्या वाटेवर आहे, तीनेक किलोमीटरवर. टाउन बस मिळेल. बाहेर तमिळ पाटी, आत एक संगणक, एक लेझर प्रिंटर, भिंतीला लग्नपत्रिकांचे नमुने. मालकांना सगळे ‘रायर’ म्हणतात. इथल्या तमिळ माणसाच्या तोंडी तंजावरी मराठी घरातल्या माणसाचं ते सरसकट नाव. व्यंकोजीराजांनी 1670 च्या दशकात तंजावर घेतलं, त्यांच्या मागोमाग जी कुटुंबं इकडे उतरली त्यांतलंच हे एक. अशाच घरातले सर टी. माधवराव, त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण, 1828 मध्ये याच कुंभकोणमला जन्मले. तुमचे रायर मात्र लग्नपत्रिका छापतात. दुकान, रायर आणि मागच्या खोलीतल्या त्यांच्या आई मी तुमच्यासाठी कल्पिल्या आहेत. यंत्रात जे घडेल ते मात्र तसंच घडत असे.

“या, या. बसा.” मराठी स्वच्छ आहे, पण तिची चाल कावेरीकाठची, वाक्याचा शेवट किंचित वर जातो. दबरा-टंबलरमधून फिल्टर कॉफी येते. आई मागच्या खोलीच्या दारात येऊन तुम्हाला निरखतात. त्या घरात आयुष्यभर मराठी बोलल्या, पण वाचतात तमिळ. त्यांची आरत्यांची वही मराठीतली आहे आणि तमिळ लिपीत उतरवलेली आहे. यात नवल वाटून घेऊ नका. शाळा तमिळ होती, घर मराठी होतं, हाताला जी लिपी आली तिने काम भागवलं.

रायर सध्या एका नात्यातल्या लग्नाची पत्रिका जुळवताहेत. तमिळ मजकूर सगळ्यांसाठी, आणि वर दोन ओळी देवनागरीत हव्यात, कारण आईंचा हट्ट आहे: ‘श्री तुळजाभवानी प्रसन्न’ आणि खाली ‘सग्यासोयऱ्यांसह अगत्य येण्याचे करावे’. देवनागरीचा एक फॉन्ट त्यांनी कुठूनसा मिळवलाय. तो कसा चालतो ते पाहून घ्या, कारण 1999 पर्यंत भारतात बहुतेक सगळीकडे हेच चालत होतं. संगणकाला वाटतं की तुम्ही इंग्रजी टाइप करताय. फॉन्ट फक्त ‘के’च्या जागी एक मराठी चित्र दाखवतो, ‘शिफ्ट-के’च्या जागी दुसरं. काना वेगळा, अर्धं अक्षर वेगळं, वेलांटी आधी टाइप करायची. कागदावर मराठी उमटते. यंत्राच्या पोटात मात्र इंग्रजी अक्षरांचा चिवडा. फॉन्ट बदला की तुळजाभवानीचं ‘डब्ल्यू-उद्गारचिन्ह-टी’ होतं. तमिळचंही तसंच. दर फॉन्टवाल्याची सांकेतिक भाषा निराळी. ती एक करावी म्हणून याच वर्षी फेब्रुवारीत चेन्नईत ‘तमिळनेट 99’ परिषद भरली आणि तिथून तमिळ 99 हा कळफलक पुढे आला.

आता सीडी घाला. आधी रायरांना समजावा की विंडोज 98 तसंच राहील. डिस्कच्या दुसऱ्या भागात हे नवं बसेल आणि चालू करताना कोणतं हवं ते विचारेल. निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, परवान्याला एफ-8, मग फाइली उतरवण्याचं काम. तासभर तरी लागेल. मध्ये वीज जाते. बॅटरीवरचा यूपीएस रडू लागतो, रायर छताकडे बघतात, वीज परत येते. दुसरी कॉफी.

या तासात चाचणीच्या प्रतींची कुळकथा ऐका. या प्रणालीचं नाव वर्षापूर्वीपर्यंत विंडोज एनटी 5.0 होतं, 27 ऑक्टोबर 1998 ला ते बदलून विंडोज 2000 झालं, पण आतला आवृत्ती क्रमांक 5.0 च राहिला. पहिली बीटा 1997 च्या सप्टेंबरात, तिसरी 1999 च्या एप्रिलमध्ये, जुलैत रिलीज कँडिडेट 1. त्या जुलैच्या प्रतीपर्यंत ही प्रणाली अल्फा नावाच्या प्रोसेसरवरही चालायची. ऑगस्टमध्ये कॉम्पॅकने अल्फावरचं हे काम थांबवलं आणि तुमच्या हातातल्या दुसऱ्या कँडिडेटमधून अल्फा गेला. तेव्हा ‘जवळजवळ तयार’ म्हणजे तयार नव्हे. खडू अजून पुसता येतो.

पडदा उजळतो. उजव्या कोपऱ्यात, खाली, बारीक अक्षरांत: चाचणीची प्रत, बिल्ड 2128. ही ओळ विकत्या प्रतीत नसेल.

रायर उंदीर हातात घेतात आणि त्यांना जे आधी दिसतं ते कुणालाही आधी दिसलं असतं. बाणाखाली सावली पडते. मेनू झपकन उघडत नाही, धुक्यातून आल्यासारखा उमटतो. स्टार्टमधल्या यादीत जे कार्यक्रम तुम्ही वापरत नाही ते काही दिवसांनी आपोआप दडतात आणि खाली दुहेरी बाण राहतो. हे शेवटचं मला कधीच आवडलं नाही. घरातल्या आगाऊ गड्याने न वापरलेली भांडी माळ्यावर टाकावीत तसं ते आहे. ‘नेटवर्क नेबरहुड’ जाऊन ‘माय नेटवर्क प्लेसेस’ आलंय. जुन्या एनटीला न जमणाऱ्या गोष्टी, यूएसबी, फॅट-32 ची डिस्क, जोडलेलं उपकरण आपण होऊन ओळखणं, इथे जमतात. संगणक झोपवून सकाळी जिथे होता तिथेच उठवता येतो. जुन्या एनटीचा टणकपणा आणि 98 ची सोय एकत्र, असं त्या वेळची मासिकं लिहितील, आणि त्यात खोटं नाही.

पण आपण त्यासाठी आलेलो नाही. कंट्रोल पॅनेल उघडा, त्यात ‘रीजनल ऑप्शन्स’. पहिल्याच पानावर खाली एक छोटी चौकट आहे: ही प्रणाली कोणकोणत्या भाषांत वाचू-लिहू शकेल, त्यांची यादी. अरबी, आर्मेनियन, बाल्टिक, ग्रीक, हिब्रू. थोडं खाली सरकवा. ‘इंडिक’. चौकोनात खूण करा.

थांबा, एवढ्या झपाट्याने नको. ही खूण म्हणजे विंडोज 2000 मधली, निदान आपल्यापुरती, सर्वांत मोठी सुधारणा. सावल्या आणि धुकी विसरली जातील. या खुणेआधी मराठी ही संगणकाच्या दृष्टीने चित्रं होती. या खुणेनंतर तो ‘क’ला क म्हणून ओळखेल. यादीत भारतीय भाषा पाचच: हिंदी, मराठी, कोकणी, संस्कृत आणि तमिळ. गुजराती, पंजाबी, कन्नड, तेलुगू यांना 2001 च्या विंडोज एक्सपीपर्यंत थांबावं लागेल, बंगाली आणि मल्याळमला त्याच्याही दुसऱ्या सर्व्हिस पॅकपर्यंत. दोन लिप्या पहिल्या खेपेला आत आल्या, देवनागरी आणि तमिळ. तंजावरी मराठी घराच्या नेमक्या त्याच दोन. मेनू मात्र इंग्रजीतच राहतील. घर परक्याचं, बोलायची मुभा आपली.

सीडीवरून काही फाइली उतरतात, संगणक पुन्हा सुरू होतो. घड्याळाशेजारी निळ्या चौकोनात ‘ईएन’. त्यावर टिचकी मारा, मराठी निवडा. ‘एमआर’.

आता तुमची फजिती. तुम्ही पंचवीसेक वर्षांनंतरून आलात आणि आयुष्यभर मराठी इंग्रजी स्पेलिंगनं टाइप केलीत. ती सोय इथे नाही. इथे आहे इनस्क्रिप्ट, सरकारी प्रमाण कळफलक: डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं. म्हणून तो कागद. घडी उलगडा आणि नोटपॅड उघडा. एका बोटाने: श्री. मधे जागा. तु, ळ, जा.

‘तु’चा उकार आपण होऊन खाली जाऊन बसतो. ‘प्रसन्न’मध्ये प-हलन्त-र दाबताच दोघं एकमेकांत मिसळून ‘प्र’ होतात, डोळ्यांदेखत. रायर पुढे झुकतात. त्यांनी जोडाक्षरं वर्षानुवर्षं हाताने शिवली आहेत; कोणतं अर्धं अक्षर कुठल्या कळीखाली आहे ते त्यांना पाठ आहे. इथे यंत्रच शिवतंय. हे करणारा तुकडा युनिस्क्राइब नावाचा. त्याला फॉन्टमधून कोणतं रूप कधी लावायचं हे कळतं आणि तो वेलांटी, तुम्ही ती उच्चाराच्या क्रमाने नंतर टाइप केलीत तरी, अक्षराच्या आधी नेऊन ठेवतो.

फॉन्टचं नाव मंगल. तो ज्यांच्या हाताखाली झाला ते र. कृ. जोशी, मराठी सुलेखनकार, कवी, आयआयटी मुंबईच्या औद्योगिक रचना केंद्रात वर्षानुवर्षं अक्षर शिकवणारे, आणि नंतर जुहूच्या एनसीएसटी या संशोधन संस्थेत. यादीत खाली जा: तमिळचा फॉन्ट लता. तोही त्यांच्याच दिग्दर्शनाखालचा, सोबत विनय सायनेकर. आता जुना हिशोब बघा: 1806 मध्ये इथून चाळीसेक किलोमीटरवर, तंजावरात, सरफोजीराजांच्या छापखान्यात देवनागरी खिळ्यांनी ‘बाळबोध मुक्तावली’ हे इसापच्या गोष्टींचं मराठी पुस्तक छापलं गेलं. त्याच्या आदल्याच वर्षी बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण निघालं होतं. मुंबई तेव्हा झोपलेलीच होती. म्हणजे मराठी अक्षर सुरुवातीलाच तमिळ मुलखात छापलं गेलं, आणि जवळजवळ दोनशे वर्षांनी तमिळ अक्षराचं वळण मुंबईत ठरलं. देणं फिटलं म्हणायला हरकत नाही.

दुसरी ओळ. स, ग-हलन्त-य, काना, स-ओ, य... आणि आता ‘ऱ्य’.

तुम्ही र, हलन्त, य दाबता. पडद्यावर उमटतं ‘सोयर्यांसह’. रेफ ‘य’च्या डोक्यावर जाऊन बसला. रायर मोठ्याने वाचतात आणि आतून आई म्हणतात, “असं नाही ते.” बरोबर. कान त्यांचा तीनशे वर्षांचा आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक मराठी कानाला लागतो. हिंदीत हा आघात न घेतलेला र नाही, म्हणून त्याची गरजही नाही. रायरांचा चेहरा पडतो. बघा, म्हणजे हेही हिंदीवाल्यांसाठीच.

कागद पुन्हा बघा. ‘र’ आहे ‘जे’वर. शिफ्ट धरून जे दाबलं तर दुसरा एक ‘र’ आहे, खाली नुक्ता असलेला: ऱ. शिफ्ट-जे, मग डी, मग तिरकी रेघ. ‘सोयऱ्यांसह’. र ची बारीकशी पापणी ‘य’ला टेकून बसली.

हा ऱ मराठीसाठी आलेलाच नव्हता, आणि याच्यासाठीच मी तुम्हाला दारासुरमला आणलं. 1980 च्या दशकात भारतीय लिप्यांसाठी एक समान सांकेतिक यादी तयार झाली, इस्की. 1991 मध्ये ती भारतीय मानक झाली. कल्पना अशी की सगळ्या लिप्या एकाच सांगाड्यावर बसवायच्या, म्हणजे एका लिपीतलं दुसरीत सहज उतरवता येईल. पण तमिळमध्ये र दोन आहेत, एक मऊ, एक कठोर. त्या कठोर र ला देवनागरीच्या बाजूला जोडीदार हवा, म्हणून दक्षिणेकडच्या लिप्यांच्या नावाने ऱ घातला गेला. तसाच तमिळ ‘ऴ’, तसाच ‘ऩ’. युनिकोडने, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या समान सांकेतिक यादीने, हा सांगाडा उचलला. मग मराठीच्या पापणीच्या र ला जागा शोधताना हा रिकामा पाहुणा सापडला: तमिळसाठी आणलेल्या अक्षराचं अर्धं रूप म्हणजे मराठीचा ऱ्.

खरं-खोटं बघायचंय? निळ्या चौकोनातून तमिळ निवडा आणि बोट न हलवता शिफ्ट-जे दाबा. लता फॉन्टमध्ये तमिळचा कठोर र उमटतो. कळ तीच. आतला आकडाही बघा: युनिकोडमध्ये मराठी ऱ 2353 वा, तमिळचा 2993 वा. अंतर 640. मऊ र च्या जोडीतही अंतर 640, त च्या जोडीतही 640. एकाच वाड्याच्या दोन माळ्यांवरच्या त्याच खोल्या.

रायरांच्या आता लक्षात आलंय. ते स्वतः खुर्चीत बसतात. तमिळ ठेवून गावाचं नाव टाइप करायला घेतात, तुम्ही कळा सांगता. तमिळमध्ये दारासुरम् उमटतं, सुबक. “आता त्याच कळा मराठीत.” त्याच नऊ कळा, मराठी कळफलक. पडद्यावर: ताराचुरम्. रायर मोठ्याने हसतात. तमिळला द आणि त साठी एकच अक्षर, च आणि स साठी बहुधा एकच. कुठला उच्चार करायचा ते तमिळ माणसाला शब्दावरून कळतं, मराठी अक्षराला ते कळत नाही. आईही हसतात, त्यांच्या आरत्यांच्या वहीत हे रोजचंच आहे. सांगाडा एक करून भाषा एक होत नाहीत, हे तमिळ संगणकवाले त्या काळात कंठरवाने सांगत होते. आमची लिपी दुसऱ्याच्या मापाने शिवली, ही त्यांची तक्रार. खोटी नव्हती. आपल्याला मात्र त्याच मापात एक खिसा फुकट मिळाला.

धंद्याचं काय? रायर ती ओळ उचलून पत्रिका जुळवण्याच्या जुन्या कार्यक्रमात चिकटवतात. तिथे उमटतं: ????? ????. ओळभर प्रश्नचिन्हं. जुन्या कार्यक्रमांना युनिकोड कळत नाही, आणि या पाच भाषांना जुन्या पद्धतीचं सांकेतिक पान दिलेलंच नाही, त्यामुळे मधला मार्गही नाही. नोटपॅडमधून साध्या पद्धतीने जतन करायला जावं तर तो स्वतःच बजावतो की अक्षरं हरवतील. रायरांचा निकाल दोन शब्दांचा: “अजून नाही.” मला तो योग्य वाटतो. छपाईच्या धंद्याला युनिकोडवर यायला पुढे कितीतरी वर्षं लागली आणि काही दुकानं अजून आलेली नाहीत.

तरी वर्डपॅडमधून एक नमुना काढा. तमिळ आणि देवनागरी एका पानावर, एकाच फाइलीत. प्रिंटरमधून आलेला कोमट कागद आई हातात घेतात. तमिळ भाग वाचतात. देवनागरीवर नजर फिरवतात, वाचत नाहीत, मग ‘तुळजाभवानी’वर बोट ठेवून रायरांकडे बघतात. ते मान हलवतात. कागद देवघरात जातो.

निघण्यापूर्वी त्या कागदात तुम्हाला खुपलेली गोष्ट बोलून टाका. ‘मंगल’मधला ल हिंदी वळणाचा आहे, दांडी असलेला. श सुद्धा हिंदी वळणाचा. आपला पाकळीचा ल आणि देठाचा श त्यात नाही. मराठी माणसाने घडवलेला फॉन्ट, पण एका फॉन्टने हिंदी, मराठी, कोकणी, संस्कृत चौघींना पुरायचं, मग बहुसंख्येचं वळण आलं. ही प्रत अजून खडूतली आहे. कुणी आत्ता कळवलं तर? 15 डिसेंबर 1999 ला बिल्ड 2195 वर शिक्का बसेल आणि मग तोच ल कोट्यवधी पडद्यांवर जाईल. महाराष्ट्र शासनाचा पाकळीच्या ल चा आणि देठाच्या श चा निर्णय निघेल 6 नोव्हेंबर 2009 ला. टाकी चालून दहा वर्षं झाल्यावर. ‘अ’वर चंद्र असलेला ॲ, जो आज ‘ॲप’ लिहिताना दिवसातून चारदा लागतो, तो तर तुमच्या कळफलकावर नाहीच. युनिकोडमध्ये तो 2008 ला आला. र. कृ. जोशी त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले.

पापणीच्या र चंही भांडण पूर्ण मिटलेलं नाही. र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह टाकूनही तो काढता येतो. दिसायला तंतोतंत तसाच, आतून वेगळा. त्यामुळे एकाने लिहिलेलं ‘सोयऱ्यांसह’ दुसऱ्याच्या शोधात सापडत नाही. युनिकोडमध्ये एकदा शिरलेलं अक्षर कधी काढलं जात नाही, हा तिथला नियम आहे. त्रेसष्ट नायन्मारांच्या नावांइतकंच ते पक्कं.

टाउन बसने परत या. देवळात दिवे लागले आहेत. सीडी रायरांकडेच राहू द्या. चाचणीची प्रत आहे, मुदत संपली की ती आपण होऊन बंद पडेल. बलिपीठाची पायरी, बोट, डोळे.

फोन खिशात आहे. समोरच्या फलकावर पुरातत्त्व खात्याने गावाचं नाव देवनागरीत लिहिलंय. फोनवर तुम्ही ते टाइप करता, क्षणात उमटतं, कुठली कळ हे तुम्हाला ठाऊकही नसतं. विंडोज 8 पासून आलेल्या निर्मला या फॉन्टमध्ये तमिळ आणि देवनागरी एकाच घरात राहतात.

चाचणीच्या प्रती आता झोळीतून आणाव्या लागत नाहीत. 2014 पासून विंडोजच्या येऊ घातलेल्या प्रती कुणालाही नाव नोंदवून मिळतात, लिनक्सच्या तर त्याआधीपासून, आणि चूक कळवायची खिडकी प्रतीतच असते. पुढची प्रत उतरवलीत तर मेनूची सावली बघण्यात वेळ घालवू नका. आधी ‘सग्यासोयऱ्यांसह’ टाइप करा, मग ‘लॅपटॉप’, ‘शाळा’ आणि ‘ॲप’. ल ची पाकळी बघा, श चा देठ बघा. चुकलं असेल तर त्याच दिवशी कळवा, आणि मराठी अक्षराचं चित्र जोडायला विसरू नका.